लंडनची कीर्द कुठे आहे? : बीबीसीला खुलं पत्र

प्रति,
महासंचालक व संचालक मंडळ,
ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन,
ब्रॉडकास्टिंग हाऊस, लंडन

स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. पन्नास वर्षं लंडनमध्ये काढली, इंग्रजीत अर्ज-विनंत्या करण्यात हयात गेली, तेव्हा इंग्रजी येत नाही असं नाही. पण विषयच असा आहे की हे पत्र मराठीतच तुमच्या टेबलावर यावं आणि कुणी तरी ते वाचून तुम्हाला त्याचा अर्थ सांगावा. मराठीत बातम्या देणारी माणसं आज तुमच्या नावानं भारतात काम करतात. १९४२ साली ती तुमच्या लंडनच्याच कचेरीत, २०० ऑक्सफर्ड स्ट्रीटला, बसत होती. ती काय बोलली आणि त्यातलं काय उरलं, एवढंच विचारायचं आहे.

आधी माझा संबंध सांगते, म्हणजे म्हातारीला हे खूळ कुठून लागलं असं वाटायला नको.

माझे आजोबा कराडजवळच्या एका गावात किराणा दुकान चालवायचे. गावात वीज नव्हती. दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता, आणि ती धोंड्यासारखी जड बॅटरी चार्ज करून आणायला बैलगाडीतून कराडला धाडावी लागे. छपरावर दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणलेली होती. दिवेलागण झाली की दुकानाच्या फळीवर आठ-दहा माणसं जमायची, सेट तापायची वाट बघायची, आणि आजोबा काटा तसूतसूनं सरकवत लंडन शोधायचे. १ मार्च १९४२ ला तुमचं मराठी प्रसारण सुरू झालं. सिंगापूर पडून पंधरवडा झाला होता, रंगून पडायच्या बेतात होतं आणि हिंदुस्थानातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायची गरज लंडनला अचानक भासू लागली होती.

आजोबा तुमचे भक्त नव्हते. ते म्हणायचे, ‘लंडन आणि बर्लिन दोघंही आपापला माल विकतात. दोन्ही दुकानांत भाव विचारायचा, मग खरेदी करायची.’ पुढे साताऱ्याकडं नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा हेच आजोबा संध्याकाळी लंडन ऐकायचे आणि रात्री त्याच दुकानाच्या मागच्या दारानं भूमिगतांसाठी भाकरीचं गाठोडं बाहेर जायचं. यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

दुकानदार माणूस, त्यामुळे रोजच्या कीर्दीच्या समासात ते एक ओळ टाकायचे. गूळ किती गेला, गोडेतेल किती आलं, आणि कडेला बारीक अक्षरात, ‘लंडन स्वच्छ.’ ‘लंडन खरखर.’ ‘बॅटरी उतरली, लंडन नाही.’ काय ऐकलं ते मात्र एकदाही लिहिलेलं नाही. ऑगस्ट १९४२ नंतर पोलीस दुकानाच्या वह्याही चाळायचे, म्हणून. सतरा वर्षांच्या वह्यांपैकी नऊ माझ्याकडे आहेत, बाकीच्या वाळवीनं खाल्ल्या.

म्हणजे माझ्या हाती काय आहे बघा. माझ्या आजोबांनी कोणत्या दिवशी तुम्हाला ऐकलं, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुम्ही त्यांना काय सांगितलं, हे ठाऊक नाही. ते असलंच तर तुमच्याकडे असणार.

आता तक्रारी. त्रागा करायचा नाही असं ठरवून बसले आहे.

पहिली तक्रार साधी आहे, पण मला ती सर्वांत लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तुम्ही जाहीर केलं की १९४० च्या दशकानंतरचा सर्वांत मोठा विस्तार होतो आहे आणि अकरा नव्या भाषा येत आहेत. सरकारनं त्यासाठी २८ कोटी ९० लाख पौंड दिले होते. त्या ‘नव्या’ भाषांत मराठी होती. २ ऑक्टोबर २०१७ ला ती सुरूही झाली, आणि झाली याचा मला आनंदच आहे. पण नवी? मराठी तुमच्याकडे १९४२ पासून २५ डिसेंबर १९५८ पर्यंत होती. १९४४ मधले काही महिने बंद पडली ते सोडलं तर सोळा वर्षं. गुजरातीचाही जन्म त्याच १ मार्च १९४२ चा, तीही ‘नव्या’ यादीत. ज्या १९४० च्या दशकाशी तुम्ही आपल्या विस्ताराची तुलना केलीत, त्याच दशकात आम्ही तुमच्या पंगतीला बसून जेवून गेलो होतो, आणि यजमानाला ओळख लागेना. स्वतःच्या वहीत बघितलं असतं तरी सापडलं असतं.

दुसरी तक्रार आवाजांची. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात तुमच्या हिंदुस्थान विभागात इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल नोकरीला होते. दर आठवड्याचं युद्धाचं वार्तापत्र ते इंग्रजीत लिहायचे. काही वार्तापत्रं इंग्रजीत जायची, काहींचं भाषांतर होऊन ती देशी भाषांत वाचली जायची. त्या भाषांत मराठी होती. थोडक्यात, कराडजवळच्या त्या फळीवर बसलेल्या माणसांच्या कानावर ऑरवेलचा मजकूर मराठीतून पडत असला पाहिजे, आणि त्यांतल्या एकालाही ते नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. मराठी साहित्याच्या इतिहासात ही गोष्ट कुठंही नोंदलेली मला दिसली नाही. याला मराठी साहित्याचे इतिहासकारही जबाबदार आहेत, पण त्यांना वेगळं पत्र लिहीन.

हे मराठीत आणणाऱ्या माणसांत एक बाई होत्या, वेणू चितळे. जन्म १९१२, गाव कोल्हापुराजवळचं शिरोळ. त्या ऑरवेलच्या सहायक होत्या, स्वतः माइकसमोर बोलायच्या, आणि इंग्लंडातल्या गृहिणींसाठी रोज सकाळी लागणाऱ्या ‘किचन फ्रंट’ या कार्यक्रमात शाकाहारी स्वयंपाकाबद्दलही सांगायच्या. रेशनमुळे मटण मिळत नाही म्हणून हवालदिल झालेल्या इंग्लंडला शिरोळची मुलगी भाजी कशी करायची ते शिकवते आहे! मला तर तेवढं ऐकायला मिळालं तरी पुरे. १९४२ चा एक प्रसिद्ध फोटो तुमच्या संग्रहात आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या ऊना मार्सन ही लेखक-कवी मंडळी माइकभोवती बसली आहेत, ऑरवेल आणि विल्यम एम्प्सन मागं उभे आहेत. बसलेल्यांच्या ओळीत अगदी टोकाला वेणूताई आहेत. फोटो जगभर छापला गेला. त्यातल्या बाकीच्यांबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात आणि वेणूताईंचं नाव फोटोखालच्या ओळीत उरतं.

ऑरवेल दोन वर्षांहून अधिक काळ तुमच्याकडे होते, माइकवर बोलत होते, आणि त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज जगात नाही. हे सर्वश्रुत आहे आणि तुम्ही ते लपवतही नाही. तेव्हाचं मुद्रण लाखेच्या तबकड्यांवर व्हायचं, तबकड्या महाग, युद्धाचे दिवस, बहुतेक बोलणं थेट प्रक्षेपित व्हायचं आणि हवेत विरायचं. हे सगळं मला समजतं. पण कागद? युद्धकाळात तुमच्याकडे लिहून, सेन्सॉरकडून दोनदा तपासून, शिक्का मारून घेतल्याशिवाय एक वाक्य प्रसारित होत नव्हतं. एक सेन्सॉर सुरक्षिततेचा, एक धोरणाचा. वाचताना कुणी शब्द बदलला तर बटण दाबून आवाज तोडायला आणखी एक माणूस बसलेला. सेन्सॉरला मी जन्मभर शिव्या दिल्या, पण त्याच्या कृपेनं त्या काळातला शब्द न् शब्द आधी कागदावर उतरला होता.

आणि कागद टिकतात. ऑरवेलचेच घ्या. त्यांची तुमच्याकडची कागदपत्रं रेडिंगजवळ कॅव्हरशॅमला तुमच्या लेखी दप्तरात चाळीस वर्षं पडून होती. १९८० च्या दशकात डब्ल्यू. जे. वेस्ट नावाच्या अभ्यासकानं ती शोधली तेव्हा जगाला पत्ता लागला. जगप्रसिद्ध लेखकाच्या इंग्रजी कागदांना चाळीस वर्षं लागली. वेणूताईंच्या मराठी कागदांसाठी कुणी गेलंच नसेल तर ते अजून तिथंच असतील, किंवा कधीच रद्दीत गेले असतील. यातलं काय खरं ते सांगा, एवढंच मागणं आहे.

इथं एक गंमत सांगते. त्याच १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी काँग्रेस रेडिओ चालवत होते, चोरून, जागा बदलत, ऑगस्टच्या अखेरपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. त्यांच्याकडे कसलं आलंय दप्तर! तरी त्या रेडिओवर काय बोललं गेलं ते आज वाचायला मिळतं, कारण ब्रिटिश सरकारचे पोलीस रोज कान लावून ते उतरवून घ्यायचे. तुमचंही तसंच. शत्रूचे रेडिओ ऐकून टंकलिखित करणारा तुमचा मॉनिटरिंग विभाग आधी ईव्हशॅमला होता, १९४३ मध्ये तो त्याच कॅव्हरशॅमला गेला, आणि बर्लिन काय म्हणतं ते तिथं रोज टाइप व्हायचं. चोराचं आणि शत्रूचं बोलणं इतक्या काळजीनं जपलंत. स्वतःच्या घरातल्या मराठी आवाजाचं काय केलंत, हे विचारणं फार झालं का?

तिसरी तक्रार पुसण्याची आहे, आणि ती करताना माझा आवाज थोडा खाली जातो. का, ते सांगते.

तुम्ही काय काय पुसलंत ते इंग्रज वाचकांना पाठ आहे, मराठी वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टेलिव्हिजन बहुतांशी थेट असे. १९५८ च्या एप्रिलमध्ये तुम्ही ‘व्हेरा’ नावाचं स्वतः बनवलेलं यंत्र जगाला दाखवलंत. सेकंदाला २०० इंच टेप खाणारं ते धूड, वीस इंचांहून मोठ्या चाकावर जेमतेम पंधरा मिनिटं मावायची. ते मागं पडलं आणि अमेरिकेहून आलेली दोन इंची टेप रुळली. ती महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांशी केलेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायला मर्यादा होत्या, १९६७ पासून रंगीत प्रक्षेपण आलं तेव्हा काळं-पांढरं कुणाला हवं होतं, आणि घरी कॅसेट लावून जुनी मालिका बघेल असा प्राणी तेव्हा जन्मायचा होता. झालं. ‘डॉक्टर हू’ या तुमच्या गाजलेल्या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदीहून अधिक भाग आजही नाहीत. बॉब डिलन १९६३ मध्ये तुमच्या एका नाटकात आला होता, ते पुसलं. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला त्या रात्री ब्रिटन पहाटेपर्यंत टीव्हीसमोर जागं होतं, त्या रात्रीचं तुमच्या स्टुडिओतलं प्रक्षेपणही जवळजवळ सगळं गेलं. हे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होतं.

आता माझं. माझ्या सासूबाई १९८३ मध्ये सहा महिने आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी यायच्या. आमच्या यजमानांनी दोन रविवार बसून नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर त्या उतरवून घेतल्या, लेबल लावलं, आणि कॅसेटवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून कडेची ती छोटी प्लास्टिकची पट्टी तोडायची असते, तेवढी राहिली. पुढच्या वर्षी माझ्या मुलानं तुमच्याच रेडिओ १ वरची रविवारची टॉप फॉर्टी त्याच कॅसेटवर भरली. सासूबाई तेव्हा गेलेल्या होत्या. पोरगा बारा वर्षांचा, त्याला काय कळतंय. कॅसेटच्या अगदी शेवटी, गाणी संपल्यावर, साधारण दीड ओवी उरली आहे. तेवढीच.

तेव्हा टेप वाचवायला टेप पुसणाऱ्या तुमच्या त्या काळातल्या कारकुनाला मी दोष देत नाही. माझी तक्रार पुसण्याबद्दल कमी आणि पुसल्यावर काय केलं याबद्दल जास्त आहे. इंग्रजी मालिकांचं बघा. कोणत्या भागाची कोणती टेप कधी पुसली, परदेशी विकलेली फिल्म कुठं गेली, याचा हिशेब लोकांनी नखानखानं मांडला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमधून ‘डॉक्टर हू’चे काही हरवलेले भाग मिळाले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या फडताळातून नऊ भाग निघाले, जगभर बातमी झाली. तुम्ही स्वतः २००१ मध्ये लोकांना हाक दिलीत की तुमच्या माळ्यावर आमचं काही असेल तर आणून द्या. छान केलंत. पण ती हाक इंग्रजीत होती. सांगली-साताऱ्याच्या वाड्यांतून, दादरच्या चाळींतून, नागपूरच्या कुठल्याशा ट्रंकेतून तुमची एखादी तबकडी किंवा मराठी कार्यक्रमपत्रिका निघू शकेल असं कुणाच्या मनातही आलं नसावं. जे जॉसमध्ये घडतं ते मिरजेत का घडू नये?

चौथी तक्रार १९५८ ची. २५ डिसेंबरला मराठी बंद झाली. त्याच्या आदल्याच वर्षी तुम्ही हौसा आणि स्वाहिली सुरू केल्या होत्या, लंडनचा मोहरा आफ्रिकेकडं वळला होता. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्या भाषांनाही हक्क होताच. गंमत म्हणजे साधारण त्याच सुमारास आमचे पु. ल. देशपांडे टेलिव्हिजन कसं करतात ते शिकायला तुमच्याकडे येऊन राहिले होते. एका दारानं मराठी बाहेर आणि दुसऱ्या दारानं साक्षात पु. ल. आत! हा योग तुमच्या कुठल्याही शताब्दी पुस्तकात नसेल, म्हणून इथं लिहून ठेवते.

आजोबा त्या डिसेंबरात दम्यानं अंथरुणाला खिळले होते, दुकान काकांनी सांभाळलं. त्यामुळे बंद होणार असल्याचं त्यांच्या कानावर गेलं नाही. जानेवारी १९५९ च्या कीर्दीत समासात लिहिलं आहे, ‘लंडन मराठी लागत नाही. तार बघणे.’ दोन दिवसांनी, ‘तार ठीक.’ आठवड्यानं पुन्हा, ‘बांबू बदलला.’ त्यानंतर समास कोरा.

पाचवी तक्रार इथल्या आमच्या घरातली, लवकर आटपते. मी १९७४ मध्ये आले. टीव्ही बघायला दरवर्षी तुमचं लायसन्स काढावं लागायचं, काळ्या-पांढऱ्या सेटचं ७ पौंड होतं आणि ते भरताना जीव कासावीस व्हायचा. रविवारी सकाळी ‘नई ज़िंदगी नया जीवन’ लागायचं, बर्मिंगहॅमहून. १९६५ च्या ऑक्टोबरात तुम्ही आशियाई स्थलांतरितांसाठी कार्यक्रम सुरू केलेत त्याच परंपरेतला तो. भाषा हिंदुस्थानी, आम्ही निम्मं समजून घ्यायचो, निम्मं कपड्यांवरून ओळखायचो. पण त्या अर्ध्या तासात शेजारची पंजाबी बाई, वरच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब आणि आम्ही एका सेटसमोर बसायचो. त्या १९६५ ते १९८२ मधल्या कार्यक्रमांचे किती भाग तुमच्याकडे आहेत? ‘आहेत’ किंवा ‘नाहीत’ असं वर्षवार लिहिलेला एक तक्ता मिळाला तरी चालेल.

आणि शेवटची तक्रार आजची, कारण पुसणं संपलं आहे असं समजून आपण सगळे झोपलो आहोत. ३ जानेवारी १९३८ ला सुरू झालेला तुमचा अरबी रेडिओ, तुमची पहिली परभाषा, २७ जानेवारी २०२३ ला बंद झाला. हिंदीचं लघुलहरीवरचं प्रसारण २०२० च्या जानेवारीअखेर थांबलं. २०२४ च्या एप्रिलपासून भारतातल्या भाषांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या वेगळ्या कंपनीकडे आहे, भारताच्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे तसं करावं लागलं. ठीक. पण मग २०१७ पासूनचे मराठी व्हिडिओ, मुलाखती, कोविडच्या दिवसांत गावोगावहून केलेली वार्तांकनं कुणाच्या दप्तरात जमा होतात, आणि पन्नास वर्षांनी ती कुणी मागितली तर कुणाचं दार वाजवायचं? संगणकात आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं तरी तुम्ही म्हणू नका. १९८६ मध्ये तुम्ही डूम्सडे प्रकल्प केलात. इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेची १०८६ साली जी पाहणी ‘डूम्सडे’ पुस्तकात नोंदली गेली, तिच्या नऊशेव्या वर्षी सगळ्या देशाचं चित्र लेझर डिस्कवर. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारं यंत्र मिळेनासं झालं आणि नऊशे वर्षांपूर्वीचं चामड्यावरचं पुस्तक मात्र वाचता येत होतं. तो मजकूर वाचवायला खास माणसं बसवावी लागली.

आता मागण्या. जास्त नाहीत आणि महाग तर मुळीच नाहीत.

एक, मराठी प्रसारणाचा ताळेबंद जाहीर करा. १ मार्च १९४२ ते २५ डिसेंबर १९५८. किती ध्वनिमुद्रणं आहेत, किती संहिता, किती भाषांतरं, किती करारपत्रं, श्रोत्यांची किती पत्रं. जिथं काही नाही तिथं ‘काही नाही’ असं लिहा. कीर्द लिहिणारा दुकानदार तूट आली तर तूट लिहितो, पान फाडत नाही. हेच गुजराती, बंगाली, तमिळ, सिंहली आणि इतर भाषांनाही लागू करा, आम्हाला वेगळी पंगत नको.

दोन, ज्या संहिता आहेत त्या चित्ररूपानं सर्वांसाठी खुल्या करा. ‘रेडिओ टाइम्स’च्या १९२३ ते २००९ च्या कार्यक्रमपत्रिका तुम्ही २०१४ मध्ये लोकांना खुल्या केल्यात, त्यात मी रात्र-रात्र फिरते. पण त्या ब्रिटनमधल्या प्रसारणाच्या. परदेशी श्रोत्यांसाठी तुम्ही ‘लंडन कॉलिंग’ नावाचं पत्र काढायचात, त्याचे अंकही तसेच शोधता येतील असे ठेवा. मराठी वाचायला माणूस नाही म्हणाल तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे. ते १९३२ चं. तुमचं ब्रॉडकास्टिंग हाऊस आणि तुमची एम्पायर सर्व्हिसही (परदेशी श्रोत्यांसाठीची, आजची वर्ल्ड सर्व्हिस) त्याच वर्षीची, म्हणजे आपण समवयस्क आहोत. तिथले निवृत्त लोक चहाबिस्किटांवर हे काम करतील, माझं नाव पहिलं घाला. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी साथीदारांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांची शिस्तशीर नोंद ठेवली. तुमच्या तुलनेत त्यांच्याकडे पैसा म्हणजे किती असणार?

तीन, २००१ सारखी हाक पुन्हा द्या, या वेळी मराठीत, आणि बाकीच्या भाषांतही. तुमच्या मराठी वाहिनीवरूनच द्या. घरात जुनी तबकडी, टेप, लंडनहून आलेलं पत्र, श्रोत्याची वही असेल तर छायाचित्र पाठवा म्हणा. मूळ वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहील, हे पहिल्या ओळीत लिहा, नाही तर आमच्याकडचे लोक देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

चार, मराठीला ‘२०१७ पासून’ म्हणणं थांबवा. १९४२ ते १९५८ आणि पुन्हा २०१७ पासून, असं लिहायला अर्धी ओळ जास्त लागते. त्या अर्ध्या ओळीबरोबर वेणू चितळे यांचं नाव घातलंत तर मी तुम्हाला पुरणपोळी आणून देईन.

पाच, तुमची राजसनद, म्हणजे ज्या दस्तऐवजावर तुमचा कारभार चालतो ती, ३१ डिसेंबर २०२७ ला संपते आणि नव्या सनदेची चर्चा चालू आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावी असा या देशात कायदा आहे, प्रसारणाला तसा नाही. १९९० च्या कायद्यानं व्यापारी वाहिन्यांना राष्ट्रीय दूरचित्रवाणी संग्रहाचा खर्च उचलायला लावला, तुमचा संग्रह तुम्हीच सांभाळता. म्हणून नव्या सनदेत स्पष्ट कलम मागा. वर्ल्ड सर्व्हिसच्या प्रत्येक भाषेतलं प्रसारण, बाहेरच्या कंपनीनं केलेलं धरून, कायम जपलं जाईल आणि कोणतीही भाषा बंद करण्याआधी तिच्या दप्तराची यादी प्रसिद्ध होईल. २०१४ पासून वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा भार लायसन्सच्या पैशावर आहे. २०२५-२६ साली मी त्यापोटी १७४.५० पौंड भरले, तेव्हा हे मागायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

माझ्या बाजूचं मी देऊ करते. नऊ वह्यांच्या समासांतल्या नोंदी मी तारीखवार वेगळ्या उतरवून काढल्या आहेत. कोणत्या संध्याकाळी लंडन स्वच्छ होतं, कोणत्या संध्याकाळी खरखर, कधी बॅटरी उतरली. शाई फिकी झाली आहे पण वाचता येते. तुमची यादी निघाली की दोन्ही शेजारी ठेवून बसू आणि तारखा जुळवू. १९४२ च्या मे महिन्यापासून सुरुवात करता येईल, त्याआधीची वही वाळवीनं खाल्ली.

आपली,
एक जुनी श्रोती
हॅरो, लंडन